पंचाहत्तरवर थांब

चिंचोळीच्या कोल्ड स्टोरेजला रात्रपाळीत
मी आणि मल्लेशममामा, आणि तिसरा तो,
निळा रंग उडालेला स्क्रू कॉम्प्रेसर,
ज्याच्याशेजारी साधं ‘चहा?’सुद्धा ओरडून विचारावं लागतं.

बाहेर मे. रात्री अकरालाही
पत्र्याला हात लावला तर पत्रा हात झटकतो.
आत चार अंशांवर बेदाणा,
पंधरा-पंधरा किलोच्या खोक्यांत, थप्पीवर थप्पी.

पहिल्या दिवशी मामानं मला मशीन दाखवलंच नाही.
दोन कॉइल दाखवल्या, काडेपेटीपेक्षा जरा थोरल्या,
प्रत्येकीला वायरीचं शेपूट.
“ही भरती. ही सोडती. बाकी सगळं लोखंड.”

सगळा कारभार तेलाचा हाय, जैनब, तो म्हणाला.
वीज आली की कॉइल आतली सुई उचलते,
तेल सिलिंडरात शिरतं, पिस्टनला रेटतं,
पिस्टन स्लाइडला,
आणि स्लाइड सरकली की दोन स्क्रूंचा घास मोठा होतो.
दुसरी उघडली की तेच तेल मागच्या दारानं
सक्शनकडे पसार, घास लहान.
दोन्ही मिटल्या, की तेल कोंडलेलं,
स्लाइड जागच्या जागी.
“भरायला काय, कुणी बी भरतंय. सोडायला बी येतंय.
पंचाहत्तरवर थांबून दाखव म्हणावं.”

मामाची सव्वीस वर्षं यंत्रमागावर गेली.
माग एक तर चालतो, नाहीतर बंद असतो.
मालकही तसेच होते, हे तो कधी बोलला नाही.

त्या रात्री नान्नजहून तीन गाड्या आल्या,
दिवसभराचं ऊन खोक्यांत भरून.
दारं उघडली, सक्शनचं प्रेशर चढलं,
मशीननं आता पोटभर खायचं,
तर पडद्यावर आकडा घसरायला लागला.
सत्तर. चौसष्ट. अठ्ठावन्न.
भरायची कॉइल टिक्, टिक्, टिक्,
फुटक्या रांजणात तांब्या ओतत राहावा तशी.

मामानं तिच्याजवळ स्क्रूड्रायव्हर नेला.
टोक अलगद ओढलं गेलं,
बाजारात ओळखीच्यानं बाही धरावी तसं.
म्हणजे ही शहाणी.
दुसरीजवळ नेला. ओढ नाही. वीज नाही, दार बंद.
पण तिच्या पुढची नळी हाताला गरम लागली.
बंद दारातून कुणीतरी जात होतं.

मशीन थांबवलं.
इतकी शांतता मी त्या खोलीत ऐकलेली नव्हती.
ड्रायव्हर लोक आत डोकावून गेले,
सुपरवायझर कोळेकर चार वेळा फोनवर ‘पाच मिनिटं’ म्हणाले.
मामानं हातानं तेलाचा कॉक आवळला, व्हॉल्व्ह खोलला,
आणि बैठकीवर, सुई जिथं टेकते तिथंच,
एक धागा.
बोटाच्या पेराएवढा. पांढरा असावा कधीतरी.

मी बॅटरी धरली.
त्यानं तो चिमटीत घेऊन पीळ उलगडला,
आणि अगदी हळू, तेलुगूत आधी, मग मराठीत म्हणाला,
“दोन-वीसचं सूत. टॉवेलाच्या बुट्टीचं.”

रविवारी फिल्टर उघडून त्याचं घर पुसलं होतं,
किलोवर येणाऱ्या टॉवेलच्या चिंध्यांनी.
पुसलं कुणी, ते त्यानं सांगितलं नाही.
बॅटरी तेव्हाही माझ्याच हातात होती.

धुतलं, फुंकर मारली, आवळलं.
मशीन उपाशीपोटी सुरू करायचं असतं,
स्लाइड पार मागे, पंचवीसच्या घासावर.
ते गुरगुरलं. मग टिक्. पन्नास. टिक्.
मामा पडद्याकडे पाठ करून पाने पुसत बसला,
पँटलाच.
“थांबलं काय गं?”
मी दहापर्यंत मोजलं. मग आणखी दहा.
“थांबलंय.”
“आता चढू दे.”

लॉगबुकात त्यानं लिहिलं: सोलेनॉइड साफ केला. कारण, कचरा.
‘कचरा’वर पेन जरा अडखळलेलं दिसतं अजून.
खाली मी सही केली.

सकाळी चिंध्यांचं पोतं गेटबाहेर पडलेलं होतं,
आणि त्यावर वॉचमनचं कुत्रं,
ऊन चढेपर्यंत.